पिकअपचं ॲव्हरेज १४ वरून ११ वर : गाडी की ड्रायव्हर?

काटोलहून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा नेणारी डिझेल पिकअप आहे, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची). जाताना भरलेली, येताना रिकामी. ॲव्हरेज टाकी फुल ते फुल मोजतो, मीटरवरच्या आकड्यावर आपला भरवसा नाही. एअर फिल्टर नवा, टायरची हवा बरोबर, अलाइनमेंट झालं, ब्रेक चिकटत नाहीत, डिझेल कुठं गळत नाही. डिझेल भरायचा पंपही बदलून पाहिला, फरक शून्य. नवा ड्रायव्हर मात्र रिकामी गाडी ८०-९० ने पळवतो आणि मार्केटात नंबर लागेपर्यंत इंजिन चालूच ठेवतो. ताडपत्रीचा उंच सांगाडा काढता येत नाही, पण तो आधीपासूनच आहे. वेग वाढला की हवेचा रोध वाढतो, कबूल. पण नुसत्या वेगानं आणि आयडलिंगनं लिटरमागे ३ किमी जातात का, की आधी इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तपासून घेऊ?