स्वस्ताई बघायला येतात म्हणे! (सरळसोट यांच्या पोस्टला उत्तर, लांबलंय)

ओसरीवरून
काल सरळसोट यांनी लिहिलं, "परदेशी माणूस भारतात येतो तो स्वस्ताई आणि गरिबी बघायला, आणि आपण इथे राहतो ते व्हिसा मिळत नाही म्हणून." खाली हसऱ्या इमोजींचा पाऊस. मला चार ओळीत उत्तर देता येईना म्हणून वेगळा धागा काढला.

स्वस्ताईच हवी असेल तर माणूस थायलंडला जातो, आणि जातोच की. 2019 मध्ये तिकडे जवळजवळ चार कोटी लोक गेले, आपल्याकडे एक कोटी नऊ लाख. म्हणजे इथे येणारा काहीतरी दुसरं शोधत येतो. बहिणीच्या ऑफिसातला एक डच माणूस आमच्याकडे राहिला होता, त्याला शनिवारवाडा दाखवला तर हं हं करत फोटो काढले, झालं. मग सहज अंबरनाथला नेलं, बहिणीचं सासर तिकडे म्हणून. शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. लोकलमधून उतरायचं, केमिकलच्या वासातून, रिक्षांच्या गोंधळातून तिथवर जायचं, आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली गेलं की आजची फुलं, आजचं पाणी, एक बाई नवऱ्याच्या नोकरीचं काहीतरी पिंडीला सांगत बसलेली. तो पठ्ठ्या तिथून हलेचना. त्याच्याकडे साडेनऊशे वर्षांचं काही असलं तर दोरी लावलेली असते आणि बाहेर मगवर त्याचं चित्र विकतात. आपल्याकडे जुनं वापरात आहे. कळकट आहे, तेल सांडलंय, पण वापरात आहे.

आणि आपण का राहतो म्हणाल तर मागच्या महिन्यात रात्री नऊला आईचा कान ठणकायला लागला, साडेनऊला डॉक्टरसमोर बसलो होतो, येताना मेडिकल उघडं होतं आणि शेजारच्या काकूंनी तोवर भात लावून ठेवला होता. व्हिसा मिळत नाही म्हणून राहतो म्हणे.

सरळसोट
वा, लेख छान आहे, पण आकडा तुमच्याच अंगावर आलाय बघा. एवढासा देश आपल्या जवळजवळ चौपट लोक ओढतो, का? त्यांच्याकडे अजिंठा आहे म्हणून? नाही, तिथे बाईमाणसाला प्रवासात स्वच्छतागृह सापडतं म्हणून. तुमचं देऊळ 1060 चं आहे, मान्य, पण केमिकलचा वास तुम्हीच लिहिलाय, मी नाही. आणि राहण्याचं म्हणाल तर 2022 या एका वर्षात सव्वादोन लाखांवर लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, संसदेत सांगितलेला आकडा आहे. त्यांना काकूंचा भात मिळत नव्हता वाटतं.

लोणंदकर
वापरात आहे हे वाचायला बरं वाटतं हो. आमच्या गावात माउलींची पालखी मुक्कामाला असते. दरवर्षी कोणी ना कोणी गोरा कॅमेरा घेऊन हजर, पिठलं भाकरी खातो, डोळे पुसतो, व्हिडिओ टाकतो, खाली हजार लोक "हीच आपली संस्कृती". खरंच आहे, कुणाला नाव विचारत नाही आम्ही, पंगतीत बसला की वाढायचं. पण पालखी पुढे तरडगावला गेली की दुसऱ्या दिवशी शेतातल्या पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास कोण उचलतं? आम्ही पोरं. त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. तरी पुढच्या वर्षी सगळ्यात आधी मीच दारात रांगोळीला उभा असणार, ते वेगळं.

म्युनिकची_मावशी
सरळसोट, त्या लाखांच्या ढिगात माझ्यासारख्याच बायका आहेत हो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून दुसरीकडचं घेतलं की भारताचं सोडावंच लागतं. मी पासपोर्ट परत केला त्या दिवशी ट्राममध्ये रडले, नवरा म्हणाला अगं कागद आहे. देश नकोसा झाला म्हणून कोणी सोडत नाही, मतदान, नोकरी, एअरपोर्टवरची रांग, असल्या कारणांनी सोडतात. आणि डॉक्टरचं तर अगदी अगदी! इथे त्वचेच्या डॉक्टरची वेळ घ्यायची म्हणजे तोवर पुरळ आपोआप बरं होतं.

पण राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मागच्या हिवाळ्यात नवऱ्याला आणि लेकीला घेऊन एका लेण्यांना गेले. पाटीवर भारतीयांना 40, परदेशी लोकांना 600. लेक पंधराच्या आतली म्हणून फुकट, नवरा जर्मन, त्याचे 600 ठीक आहे. पण माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते), ओसीआयवाल्यांना स्मारकांवर भारतीय दरच लागतो, तसा नियमच आहे. खिडकीतला माणूस म्हणतो आधार दाखवा. मी शुद्ध मराठीत भांडतेय, आणि तो मला इंग्लिशमध्ये सिक्स हंड्रेड सांगतोय! मागे रांग. शेवटी भरले 600. पैशाचं नाही हो, माझ्याच आजोळच्या जिल्ह्यात मला परकं ठरवलं त्याचं आहे.

घाटमाथा
मावशी, रागावू नका, पण 600 द्यायला काय हरकत आहे? युरोत किती होतात ते? एका कॉफीत आणि केकमध्ये जातात. इथला माणूस टॅक्स भरतो, त्यातून ती लेणी सांभाळली जातात, त्याला 40 ठीक आहे. कंबोडियात अंगकोरला परदेशी माणसाला एका दिवसाचे 37 डॉलर पडतात आणि तिथल्या लोकांना फुकट, तिथे कोणी रडत नाही. आपल्याकडे जरा दोन पैसे मागितले की लगेच अपमान.

म्युनिकची_मावशी
अहो मी नियम सांगतेय, तुम्ही कॉफीचे भाव काय काढताय!

गाईडचा_पोरगा
मी बोलतो, माझे वडील अजिंठ्याच्या लेण्यांवर गाईड आहेत, लहानपणापासून ती खिडकी बघतोय. 2018 ला 500 चे 600 झाले, आपले 30 चे 40. 600 ला कोणी परत गेलेला मी पाहिला नाही. खटकतं ते 40 आणि 600 एका पाटीवर शेजारीशेजारी वाचणं. तिथून पुढे त्या माणसाच्या डोक्यात बसतं की या देशात माझ्यासाठी सगळंच पंधरापट आहे. मग नारळवाल्याने खरा भाव सांगितला तरी तो घासाघीस करतो, रिक्षावाल्याशी भांडतो, आणि माझ्या बापाने तासभर घसा कोरडा केला तरी त्याच्या पैशांतही कापाकापी. आतमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रावर बाजूने लाइट धरला की गळ्यातले मोती उठून दिसतात, सगळे आ करून बघतात, आणि बाहेर आले की पुन्हा हाऊ मच.

आणि गंमत ऐका, सार्क आणि बिमस्टेक या आपल्या आसपासच्या देशांच्या गटांतल्या लोकांनाही 40 च. थायलंड बिमस्टेकमध्ये आहे. म्हणजे थाई माणूस 40, आणि बुद्ध बघायलाच जपानहून आलेली आजी 600. हे कुणी मला समजावून सांगा.

सरळसोट
हाहा! म्हणजे आपण थायलंडला जाऊन पैसे उधळायचे आणि ते इथे 40 रुपयांत अजिंठा बघणार. धागा सार्थकी लागला.

पायवाट
तुम्ही हसताय. माझी रूममेट मिझोरममधल्या ऐझॉलची आहे, मिझो. आम्ही पाच जणी एका किल्ल्यावर गेलो, चौघींना 40-40 ची तिकिटं न विचारता दिली आणि तिच्याकडे पासपोर्ट मागितला. आधार दाखवलं तर दोनदा उलटून बघितलं, मग विचारतो "ये असली है?" ती म्हणाली मला सवय आहे, आणि मला त्या सवयीचाच संताप आला. इथे परदेशी पाहुण्याला काय आवडतं यावर निबंध चाललेत, आणि स्वतःच्या देशातल्या मुलीला स्वतःच्या देशातला किल्ला बघायला पुरावा लागतो.

घाटमाथा
हे चुकीचं आहेच. पण ताई, खिडकीवरच्या माणसाला काय कळणार? दिवसाला हजारो चेहरे. कोणी खोटं बोलून 40 मध्ये घुसलं तर त्यालाच बोलणी बसतात. प्रत्येक गोष्टीत भेदभाव शोधायचा म्हटला तर सापडतोच.

पायवाट
शोधायला जावं लागलं नाही, तिकीट काढायला गेलो होतो.

घाटमाथा
बरं बाई, तुमचं खरं. मी तिकडे नव्हतो आणि तुम्ही होता, म्हणजे मला बोलायचा अधिकारच नाही. आता खूश?

ओसरीवरून
अरे देवा. देश का आवडतो यावर धागा होता, त्याची तिकीट खिडकी झाली. घाटमाथा, त्या कुत्सितपणाची गरज नव्हती. आणि सरळसोट, तुम्ही सुरुवात करून नामानिराळे बसलाय.

सरळसोट
मी कुठे नामानिराळा? मावशींचं मान्य करतो, सगळे वैतागून जात नाहीत, काही रडत जातात. तेवढं वाक्य माझ्या पोस्टमधून वजा करा. लोणंदकरांना तर मानलं, उचलतातही आणि रांगोळीही काढतात. पण बाकीचं मी का मागे घेऊ? धाग्यात प्रेमाने लिहिणारे जेवढे आहेत त्या प्रत्येकाच्या पोस्टमध्ये कुठेतरी कचरा आहे, वास आहे, नाहीतर खिडकीतला माणूस. तुम्ही लोक देशावर प्रेम करता, ते देशामुळे नाही, तो असा असूनही करता.

लोणंदकर
असूनही करायचं नाही तर काय जपानसारखं झाल्यावर करायचं का राव. तोवर आम्ही म्हातारे होऊ.

गाईडचा_पोरगा
मावशी, पुढच्या वेळी अजिंठा ठरवाल तर सोमवारी नका येऊ, बंद असतं, वेरूळ मंगळवारी बंद. गाडी फर्दापूर फाट्यालाच ठेवावी लागते, पुढे तिथली बस. ओसीआयचा नियम छापून सोबत आणा, पप्पा म्हणतात कागद पुढे केला की खिडकीतला आवाज आपोआप खाली येतो.

पायवाट
आणि माझ्या रूममेटने कोणता कागद छापून न्यायचा?

घाटमाथा
एक काम करा, सगळ्यांनाच आधार मागा, म्हणजे कोणाचा अपमान नको.

पायवाट
चालेल. पुढच्या रविवारी तुम्ही जा, कुटुंबासकट, आणि सगळ्यांची कार्डं दोनदा उलटून बघितली की इथे येऊन लिहा.