मदत हवी आहे: गुरुवारी एमओटी, टायर प्रेशरचा दिवा विझत नाही

मिल्टनकीन्सकर (मंगळवार, संध्याकाळ)
गुरुवारी सकाळी साडेनऊला एमओटी (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) आहे आणि डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. चारही टायरमध्ये दोनदा हवा भरून झाली, पाटीवर लिहिली आहे तेवढीच. दहा मैल फिरवून आलो, तरी तेच. या दिव्यावर गाडी नापास करतात का? आणि तो घालवायचा कसा? कृपया लवकर सांगा, मध्ये एकच दिवस आहे.

पाना_नंबर_१०
गाडी कुठली, कुठल्या सालची? आणि मुख्य म्हणजे, इग्निशन ऑन केल्यावर दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, की पहिल्यापासून स्थिरच असतो? हे कळल्याशिवाय कोणी उपाय सांगितला तर तो निव्वळ अंदाज.

भोरघाट
बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. दिवा जातो. एवढं सोपं आहे.

लेस्टरवासी
भोरघाट, कृपया असं सांगू नका. टर्मिनल काढलं की घड्याळ जातं, काचांचं ऑटो-अप सेटिंग जातं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो. टायरचा दिवा मात्र परत येतो, कारण गाडी सुरू झाली की यंत्रणा पुन्हा चारही सेन्सर शोधते आणि एक सापडला नाही की पुन्हा पेटवते.

मूळ प्रश्नाचं उत्तर: १ जानेवारी २०१२ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या प्रवासी गाड्यांची ही यंत्रणा एमओटीत तपासतात. पण नुसता दिवा दिसला म्हणून नापास करायचं नसतं. यंत्रणेत बिघाड आहे हे दिव्यावरून स्पष्ट होत असेल तरच नापास. हवा कमी म्हणून दिवा लागला असेल तर त्या दिव्यावरून नाही. म्हणून पाना_नंबर_१०चा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हवापाणी
सेट बटण दाबा! बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली उजवीकडे किंवा स्क्रीनच्या मेनूत असतं. टायर थंड असताना चारही नीट भरायचे, इग्निशन ऑन, बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं. मग थोडं चालवायचं, गाडी नवीन प्रेशर शिकते. लोक हवा भरतात आणि हीच पायरी विसरतात.

पाना_नंबर_१०
हवापाणी, हे फक्त अप्रत्यक्ष यंत्रणेला लागू. त्यात चाकात सेन्सर नसतोच. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग मोजतात. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर लहान होतो, ते जास्त फिरतं, त्यावरून ओळख. प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक चाकात वाल्वला जोडलेला बॅटरीवाला सेन्सर असतो. त्या गाड्यांत हे बटण सहसा नसतं.

मिल्टनकीन्सकर
किया स्पोर्टेज, ६६ प्लेट (म्हणजे २०१६च्या शेवटची किंवा २०१७च्या सुरुवातीची). सेट बटण कुठेच नाही, मेनूतही नाही. आत्ता खाली जाऊन बघितलं: दिवा आधी लुकलुकतो, साधारण मिनिटभर, मग स्थिर राहतो.

पाना_नंबर_१०
मग हवेचा प्रश्नच नाही. या गाडीत प्रत्यक्ष सेन्सर आहेत आणि मिनिटभर लुकलुकून स्थिर होणं म्हणजे एखाद्या चाकाचा सेन्सर ऐकू येत नाही. आणखी एक: बिघाड असताना कुठलं चाक ते गाडी दाखवत नाही, आणि दुसऱ्या चाकातली हवा खरंच गेली तरी चाकाच्या जागेची खूण पेटत नाही. म्हणून एमओटीचं सोडा, मोटरवेवर या अवस्थेत फार दिवस फिरू नका. अलीकडे चाकाला कोणी हात लावला का?

मिल्टनकीन्सकर
हो, गेल्या शनिवारी डावीकडचा मागचा टायर बदलला. दिवा त्या संध्याकाळपासूनच आहे. त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

हवापाणी
सगळ्यात आधी नायट्रोजन भरून घ्या. प्रेशर बदलतच नाही, दिव्याची कटकट कायमची जाते.

लेस्टरवासी
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दोन्ही वायू थंडीत जवळपास सारखेच आकसतात. ३३ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी उतरलं की सुमारे दीड पीएसआय कमी होतं, आत काहीही भरलेलं असो. आणि इथे दिवा प्रेशरचा नाहीच.

मिल्टनकीन्सकर, आता एक करा. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि चारही चाकांचे वाल्व एकमेकांशी ताडून बघा. सेन्सरचा धातूचा वाल्व असेल तर रिमला लागून षटकोनी नट दिसेल, दांडा ताठ असेल, बोटाने वाकणार नाही. साधा वाल्व काळा रबरी, बोटाने हलतो. रबरी दांड्याचे सेन्सरही मिळतात, म्हणून रबर दिसलं की लगेच निष्कर्ष नको. पण तीन एकसारखे आणि एक वेगळा असेल तर समजून जा.

मिल्टनकीन्सकर
डावा मागचा काळा रबरी आहे. बाकी तिन्ही चांदीसारखे, खाली नट. दुकानात कोणी काही बोललं नव्हतं.

पाना_नंबर_१०
कळलं. टायर रिमवरून सोडवताना मशीनचं फावडं वाल्वजवळ टेकवलं की आतला सेन्सर तुटतो. तसं होऊ नये म्हणून वाल्वपासून लांब सुरुवात करायची असते. तुटल्यावर साधा वाल्व बसवून दिला असणार. उद्या सकाळी त्याच दुकानात जा, पावती घेऊन, आणि आधी स्कॅन करायला सांगा. हातातलं टीपीएमएस (टायर प्रेशर यंत्रणा) तपासायचं यंत्र प्रत्येक वाल्वजवळ धरलं की सेन्सर जागा होऊन आपला क्रमांक, प्रेशर आणि बहुतेक वेळा बॅटरीची स्थिती सांगतो. डाव्या मागच्याकडून काहीच आलं नाही की वादच संपला.

मग प्रोग्रॅम करता येणारा ४३३ मेगाहर्ट्झचा सेन्सर घ्यायचा. घाईत ऑनलाइन मागवू नका, अमेरिकेचे ३१५ मेगाहर्ट्झवाले येतात आणि इथे चालत नाहीत. जुन्याचा क्रमांक नव्यात उतरवला की गाडीला फरक कळत नाही. जुना तुकडा दुकानात पडला असेल तर क्रमांक त्याच्या अंगावर छापलेला असतो. फेकून दिला असेल तर ओबीडी पोर्टमधून (तपासणीचं यंत्र गाडीला जोडायची जागा) गाडीत नोंदलेले चारही क्रमांक वाचता येतात, तीन स्कॅनशी जुळतील, उरलेला हरवलेल्याचा.

भोरघाट
एवढा खर्च कशाला? कोडिंग करून यंत्रणाच बंद करून टाका. इकडे पुण्यात या दिव्याकडे कोणी बघत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, तोवर फक्त पीयूसी.

लेस्टरवासी
पुण्याचा नियम पुण्यात. इथे यंत्रणा उघडपणे निकामी असणं हेही नापास करण्याचंच कारण आहे. इग्निशन ऑन केल्यावर दिवा लागून विझायला हवा. तो मुळात लागलाच नाही की तपासणाऱ्याला शंका येणारच. दिव्यावर टेप लावणं तर विसराच.

हवापाणी
पण गुरुवारी नापास झाली तर जुनी एमओटीही रद्द होते ना? मग गाडी घरी कशी आणणार?

लेस्टरवासी
नाही, जुनी तारीख संपेपर्यंत चालते. निकालपत्रात धोकादायक दोष नसेल तर गाडी घेऊन जाता येते, मात्र ती रस्त्यावर चालवण्यालायक असली पाहिजे. मुदत संपल्यावर फक्त ठरलेल्या एमओटीला किंवा दुरुस्तीला नेता येते. तुमची मुदत कधीपर्यंत आहे?

मिल्टनकीन्सकर
१९ तारखेपर्यंत. म्हणजे पाच दिवस हाताशी आहेत.

पाना_नंबर_१०
मग घाबरायचं कारण नाही. बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. नटचा टॉर्क सेन्सरच्या पाकिटावर असतो, बहुधा ४ ते ८ न्यूटन-मीटरच्या आसपास. पान्याने कचकचून आवळला की ॲल्युमिनियमचा दांडा तडकतो. आतला वाल्व कोअर निकेलचा मुलामा दिलेला हवा. साधा पितळी कोअर ॲल्युमिनियमला गंजून चिकटतो, इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात त्याने तर लवकरच. टोपीही प्लास्टिकचीच ठेवा, धातूची अडकून बसते आणि काढताना दांडा तुटतो. आणि टायर फुगवायचा फेस असलेला डबा या चाकात कधी वापरू नका, सेन्सरचं भोक बुजतं.

त्यानंतर गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, ताशी १५-२० मैलांच्या वर. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात, ड्राइव्हवेवर इंजिन चालू ठेवून काही होत नाही.

मिल्टनकीन्सकर (बुधवार, दुपार)
स्कॅनमध्ये तीन आले, डाव्या मागच्याकडून काही नाही. सेन्सर तुटला होता हे दुकानाने मान्य केलं आणि नवीन बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. जुना फेकून दिला होता, क्रमांक ओबीडीतूनच काढला. ए४२१ रस्त्यावरून जाऊन आलो. इग्निशन ऑन केल्यावर दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो, लुकलुकत नाही. यंत्रावर बाकी तिघांपैकी पुढच्या उजव्याची बॅटरी कमी दाखवत होती.

पाना_नंबर_१०
ते अपेक्षितच. या बॅटऱ्या पाच ते दहा वर्षं चालतात आणि सहसा बदलता येत नाहीत, सेन्सरच बदलावा लागतो. तिन्ही मूळचे असतील तर पुढच्या वेळी टायर उतरवाल तेव्हा त्या चाकाचा बदलून घ्या, टायर उतरवण्याची मजुरी वेगळी पडत नाही. आणि आज रात्री बाकी टायरच्या खाचांची खोलीही बघून ठेवा: मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेरभर, खाचा किमान १.६ मिमी खोल असायला हव्यात. वीस पेन्सचं नाणं खाचेत घालायचं, नाण्याची बाहेरची कड दिसली तर मोजून घ्या.

मिल्टनकीन्सकर (गुरुवार)
पास. पुढच्या दोन्ही टायरवर सूचना लिहिली आहे, आतल्या कडेला झिजलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

लेस्टरवासी
आतली कडच झिजत असेल तर नवीन टायर टाकायच्या आधी ट्रॅकिंग (चाकांची अलाइनमेंट) तपासा, नाहीतर नवेही तसेच जातील.

ठाणेकर_स्लाउमध्ये
माझ्या गाडीतही टायरचा दिवा लागलाय आणि सोबत एबीएसचाही. हाच उपाय करू का?

पाना_नंबर_१०
नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. नवीन धागा काढा, गाडी आणि साल लिहा. दोन्ही दिवे एकदम म्हणजे आधी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर तपासायची. एबीएसचा दिवा एमओटीत स्वतंत्रपणे नापास करतो.