मदत हवी आहे: पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने, नदीचा कुठला काठ धरायचा?

इसारकाठची
जरा घाईत आहे. आई-बाबा म्युनिकला आलेत आणि डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने जायचं ठरलंय. जिथे वाचावं तिथे "वाहनमुक्त मार्ग" लिहिलंय, पण नकाशात दोन्ही काठांना रस्ते दिसतात. उजवा काठ की डावा, एवढंच सांगा. बुकिंग आज रात्री करायचंय. जुने धागे चाळले, सगळे लेह-लडाखचे निघाले.

गियरमामा
किती दिवस? कधी? कोण कोण? सायकली स्वतःच्या की भाड्याच्या? दोनदा केलाय हा मार्ग, सांगतो सगळं, पण आधी ही माहिती द्या.

इसारकाठची
पाच दिवस. पुढच्या शुक्रवारी निघतोय. भाड्याच्या. आता सांगा.

कोब्लेंझकर
डॅन्यूब कशाला? मोझेलला या. त्रिअर ते कोब्लेंझ सुमारे दोनशे किमी, नदी नुसती वळणं घेत जाते, दोन्ही बाजूंना उभ्या उतारांवर द्राक्षमळे. त्रिअरला रोमन वेस बघा आणि निघा. गर्दीही कमी.

गियरमामा
मोझेलला कितीतरी ठिकाणी सायकलपट्टा रस्त्याला चिकटून जातो, हे पण सांगा की साहेब. त्यांनी मोझेलचं विचारलेलंच नाही.

बाई, काठ एकच धरायचा नाही, बदलत राहायचं. मी डावा-उजवा म्हणतोय तो प्रवाहाच्या दिशेने तोंड करून. पासाऊहून डाव्या काठाने निघा. सुरुवातीला शेजारी मोटाररस्ता आहे, सायकलपट्टा वेगळा आहे पण आवाज येतो. योखेनश्टाइनचं धरण ओलांडलं की गाड्या जवळजवळ संपतात. पुढे श्लोगेनला नदी डोंगराला वळसा घालून आली तशी उलटी फिरते. तिथे डाव्या काठाची वाट मध्येच तुटते, औ नावाच्या वस्तीपाशी. तिथून होडीने पलीकडे, किंवा त्याच काठाने थोडं पुढे नेऊन सोडणारी होडी मिळते. बरेच जण हे वाचत नाहीत आणि संध्याकाळी तिथे अडकतात. शेवटची होडी किती वाजता, ते आधी बघून ठेवा.

ओटेन्सहाइम ते लिंझ डाव्या काठाने रस्त्याच्या कडेकडेने जावं लागतं. मला तो तुकडा आवडत नाही. लिंझमधून बाहेर पडताना कारखाने. मग माउटहाउजेन, तिथली छळछावणी टेकडीवर आहे, बघायची असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. ग्राइनच्या आसपास दरी परत अरुंद होते, तो भाग माझा सगळ्यात लाडका.

उताराचं म्हणाल तर तीनशेहून जास्त किमीत नदी जेमतेम दीडशे मीटर उतरते. म्हणजे चढ नाही, पण फुकटात घरंगळत जाल असंही नाही. वारा समोरून आला तर घाम निघतो.

नारायणपेठी
वाखाऊत (मेल्क ते क्रेम्स) मात्र उजवा काठ. डावा काठ म्हणजे पर्यटकांची जत्रा. उजवीकडे जर्दाळूच्या बागा आणि शांतता.

गियरमामा
असहमत. द्युर्नश्टाइन डाव्या काठाला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ साली जिथे कैदेत पडला तो किल्ला समोर दिसतो. विलेनडॉर्फही तिकडेच, १९०८ साली ती अश्मयुगातली दगडी बाई, 'व्हीनस'ची मूर्ती, सापडली ते गाव. हे सोडून बागा बघत बसायचं?

नारायणपेठी
किल्ला उजव्या काठावरून जास्त छान दिसतो. त्यात उभं राहून किल्ला कसा दिसणार? आणि स्पिट्झला होडी आहेच. इंजिन नाही, नुसत्या तारेला अडकवून प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. लहान मुलं खूश होतात.

इसारकाठची
हो, मुलगी सात वर्षांची आहे, ती स्वतःची सायकल चालवणार.

गियरमामा
हे आत्ता सांगताय??? मग पाच दिवसांत व्हिएन्ना विसरा. रोजचे साठ-पासष्ट किमी होतात. आणि ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. आई-बाबांची वयं काय?

इसारकाठची
बाबा अडुसष्ट, रोज तळजाईला चालायला जातात. आई चौसष्ट. तिने सायकल शेवटची कॉलेजात चालवली. पण येते तिला.

परदेशी_काका
आई-बाबांचा प्रवास विमा सायकलिंगच्या अपघाताला लागू आहे का ते तपासा. व्हिसा शेंगेन असेल तर जर्मनीतून ऑस्ट्रियात जायला वेगळा लागत नाही.

इसारकाठची
काका, व्हिसाचं विचारलं नव्हतं. पण विम्याचं बघते.

कृष्णाकाठ
अवांतर: वाई ते सांगली कृष्णेच्या काठाने अशी वाट का होऊ शकत नाही? आम्ही कालव्याच्या कडेने चालवतो, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की सायकलसकट चारीत.

नारायणपेठी
डॅन्यूबची वाट सायकलींसाठी नव्हतीच केलेली. घोडे काठाने चालत प्रवाहाविरुद्ध नावा ओढत नेत, त्यांची ही वाट. ट्रेप्पेलवेग म्हणतात. सपाट, अखंड, पाण्याला लागून. त्यावर नंतर डांबर पडलं. आपल्याकडे तयार वाटच नव्हती, आणि पावसाळ्यात आपली नदी काठ जागेवर ठेवत नाही.

कृष्णाकाठ
पूर काय फक्त आपल्याकडेच येतो? पासाऊला जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. नगरपालिकेच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, मी स्वतः बघितल्यात. तरी वाट आहेच ना? पूर ओसरला की गाळ काढतात, परत चालू.

कोब्लेंझकर
पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, आता…

इसारकाठची
प्लीज, पुण्यावर वेगळा धागा काढा! आई शाकाहारी आहे, खाण्याचं काय?

चुलीपुढची
अंडं चालतं का? हे कुणीच सांगत नाही आणि मग मेनूकार्ड घेऊन रडारड. चालत असेल तर केझेश्पेट्झ्ले (चीजमधल्या जाड शेवया) आणि कायझरश्मारन (तुकडे केलेला गोड पॅनकेक), पोट भरतं. जुलैत वाखाऊत जर्दाळूचा हंगाम असतो, मारिलेनक्नोडेल सोडू नका. आपल्या उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊ, आत गुळाऐवजी अख्खा जर्दाळू. बहुतेक ठिकाणी पिठात अंडं असतं, विचारून घ्या. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दशम्या आणि लोणचं पिशवीत टाका.

ब्रेकफेल
एक महत्त्वाचं. भाड्याच्या सायकलींना बऱ्याचदा उलट पेडल मारलं की ब्रेक लागतो. आपल्याला चालवता चालवता पेडल मागे फिरवायची सवय. मी पासाऊच्या दुकानासमोरच आडवा झालो. भाड्याने घेताना "रुक्ट्रिट नको" असं आधीच कळवा, किंवा घरी सराव करा.

गियरमामा
हे लाख मोलाचं. आणि "वाहनमुक्त" म्हणजे रिकामं समजू नका, सायकलींचीच रहदारी असते. विजेवरच्या सायकली घंटी वाजवत मागून भुर्रकन जातात. लेकीला उजवी कड सोडू देऊ नका.

तुमच्यासाठी माझं मत: पासाऊ ते श्लोगेन दोन दिवसांत. मग होडी आणि रेल्वेने मेल्क गाठा, तिथून क्रेम्स दोन दिवस रमत गमत, ते चाळीसेक किमीच आहे. मधलं सगळं सोडा. आगगाडीत सायकलीचं वेगळं तिकीट लागतं आणि वेगवान गाड्यांना जागा आधी राखावी लागते. सामान पुढच्या मुक्कामाला पोचवणारे असतात, त्यांना द्या.

नारायणपेठी
मेल्क ते क्रेम्स उजव्या काठाने.

गियरमामा
डाव्या.

इसारकाठची
मामा, तसंच करतेय. मेल्क-क्रेम्स एक दिवस डावीकडून, स्पिट्झला होडी, दुसऱ्या दिवशी उजवीकडून. भांडू नका.

आज शेजाऱ्यांची उलट-ब्रेकवाली सायकल आणून पार्किंगमध्ये सराव केला. आई दोन फेऱ्या मारून शांतपणे उतरली. बाबांनी "मला काय शिकवता" म्हणत पेडल मागे फिरवलं आणि कुंपणात गेले. हाताला खरचटलंय, बाकी ठीक. आता ते तीनचाकी मिळते का विचारतायत. मिळते का?

सह्याद्रीपुत्र
छान बेत! तारखा काय आहेत? आणि किती जण आहात?