राम सुतारांचं मोठेपण फुटांतच मोजायचं का?

माचीवरचा (सातारा)
शिल्पकार राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये वारले, वयाची शंभरी ओलांडून. जी बातमी उघडावी तिथे एकच आकडा: १८२ मीटर. माझ्या मते गुजरातेतल्या केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा हे त्यांचं सर्वांत उंच काम, सर्वांत चांगलं नव्हे. चांगलं म्हणजे चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणावरची चंबळदेवी. ४५ फूट, अखंड काँक्रीटमधून छिन्नीनं कोरलेली, सोबत दोन मुलं, एक मध्य प्रदेश, एक राजस्थान. धुळ्याकडच्या गोंदूरचा सुतारकाम करणाऱ्या घरातला मुलगा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून सुवर्णपदक घेऊन निघतो, पुरातत्त्व खात्यात वेरूळच्या मूर्तींची डागडुजी करतो आणि मग असलं काही उभं करतो! पुढे मात्र मागणी तसा पुरवठा. गांधी, आंबेडकर, शिवराय, परत गांधी. पुढाऱ्यांनी या माणसाचा हात वापरून घेतला, हे माझं स्पष्ट मत.

फौंड्रीतला माणूस
साफ असहमत. वापरून घ्यायला ते काय सरकारी नोकर होते? माहिती व नभोवाणी खात्यातली नोकरी त्यांनी १९५९ सालीच सोडली. चंबळदेवी पाहून नेहरूंनी भाक्रा धरणाच्या मजुरांचं ५० फुटी ब्राँझ शिल्प करायला सांगितलं होतं, ते पैशाअभावी राहिलं. वेगळं काम करायची तयारी होती, पैसा पुतळ्यांनाच मिळाला. त्याला शिल्पकार काय करणार?

आणि पुतळा म्हणजे सोपं काम असं समजू नका राव. मातीत डोळा करताना बुबुळाच्या जागी खोल खड्डा घ्यावा लागतो. त्यात सावली पडली की मगच नजर येते. खड्डा उथळ राहिला तर माणूस आंधळा दिसतो. पुतळा उंचावर जाणार असेल तर डोकं मापापेक्षा जरा मोठं काढतात, नाहीतर खालून बघणाऱ्याला ते आक्रसलेलं दिसतं. फोटोत चेहरा हुबेहूब आणि चौकात उभा केला की कोणीतरी तिसराच, असे पुतळे आपल्याकडे काय कमी आहेत? सुतारांचे संसदेतले बसलेले गांधी बघा. मान जराशी झुकलेली, पापण्या खाली. एवढ्यावर सगळं पेललंय.

औंधकर
माचीवरच्यांशी निम्मा सहमत. आमच्या औंधच्या संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ आहे, दगडातलं. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जमवलेल्या संग्रहातलं. पुष्कळ लोक रविवर्म्याची चित्रं बघून त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून जातात! नाक-डोळे ओळखू आले की शिल्प चांगलं, ही सवय आपल्यालाच लागलीय. दोष सुतारांचा कमी, गिऱ्हाइकाचा जास्त.

माचीवरचा
@फौंड्रीतला माणूस, गांधी मान्य. पण केवडियाचं काय? आत काँक्रीट आणि पोलाद, वर ब्राँझचे पत्रे, तेही चीनमध्ये ओतलेले. यात सुतारांचा हात कुठे राहिला?

फौंड्रीतला माणूस
नमुन्यात राहिला! पत्रे कुठेही ओता, चेहरा त्यांच्याच नमुन्यावरून आला. धोतराच्या चुण्या, खांद्यावरची शाल, ते जड पाय, हे ओतणाऱ्याला स्वप्नात दिसलं का?

कृष्णाकाठ (सांगली)
दोघंही मालवण विसरताय. डिसेंबर २०२३ मध्ये राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा बसला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. कला संचालनालयानं मंजुरी दिली होती ६ फुटी मातीच्या नमुन्याला, उभा राहिला ३५ फुटी. मग नवा करायला कोणाला बोलावलं? नव्वदी केव्हाच ओलांडलेल्या सुतारांना आणि त्यांच्या मुलाला. मे २०२५ मध्ये तिथे तलवारीसकट ८३ फुटी पुतळा उभा राहिला. ‘मागणी तसा पुरवठा’ म्हणून नाक मुरडणं सोपं आहे, पण समुद्राच्या वाऱ्यात एवढं धूड उभं राहील अशी खात्री वाटावी असे किती जण होते?

औंधकर
म्हणजे पडलेल्याच्या दुपटीहून उंच! ३५ फुटांचाच, पण नीट केला असता तर महाराजांचा मान कमी झाला असता का? ही उंची शिल्पकारानं मागितली नव्हती, एवढं तरी लिहा.

कृष्णाकाठ (सांगली)
मागितली नसेल, पण नाकारलीही नाही.

फौंड्रीतला माणूस
नाकारून काय, घरी बसायचं होतं? सांगलीतल्या एकातरी मंडळाला किंवा नगरसेवकाला विचारा, उंची कमी करून हातांच्या बोटांवर जास्त वेळ द्या म्हणणारा कोणी आहे का. असेल तर मला कळवा, काम मी करतो.