दयाळ : व्युत्पत्ती आणि क्रियापद

फेब्रुवारीअखेरपासून आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रोज उजाडायच्या आधी एक पक्षी येऊन बसतो. बुलबुलाएवढा, काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी उभारलेली. शेजारच्या काकूंनी नाव सांगितलं, दयाळ. तेव्हापासून गजर लावावा लागत नाही, पण दोन प्रश्न छळतात. हे नाव दयेवरून आलं का? आणि चिमणी चिवचिवते, पारवा घुमतो, कोंबडा आरवतो, तर दयाळ काय करतो?

उत्तर १

दयेशी संबंध नसावा. 'दीनदयाळ'मधला दयाळ संस्कृत 'दयालु'चा. पक्ष्याला हिंदीत दहियर किंवा दहियल म्हणतात, बंगालीत दोयेल. हे सगळे एकाच घरचे शब्द वाटतात. आपल्याकडे ल चा ळ झाला आणि नाव ओळखीच्या विशेषणासारखं दिसू लागलं. बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी हाच, ढाक्यात त्याच्या नावाचा दोयेल चत्वर (चौक) आहे.

असाच घोटाळा युरोपातही झाला. इंग्रजीत दहियलचं 'डायल बर्ड' झालं, आणि फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ लव्हायाँ याने त्या डायलचा अर्थ सूर्यघड्याळाची तबकडी असा घेऊन पक्ष्याला फ्रेंचमध्ये तबकडीचंच नाव दिलं. शब्द दोन्हीकडे पोचला, अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या घरचा लावला.

उत्तर २

तो चीरक नाही ना, एवढं बघून घ्या, दिसायला तोही असाच. चीरक लहान असतो आणि त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो.

आमच्या घरी 'दयाळ शीळ घालतो' असं म्हणत. सामान्यरूप 'दयाळाचं', 'दयाळाला'. काहीजण 'दयाळचं गाणं' लिहितात, ते माणसाच्या नावासारखं वाटतं.

उत्तर ३

एका क्रियापदात हा पक्षी मावणार नाही. मार्च ते जून, विणीच्या दिवसांत, तो गातो आणि मधूनच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही काढतो. ढोलीजवळ कुणी गेलं की 'चर्रर्र' करून किरकिरतो. थंडीत गाणं जवळजवळ बंद असतं. तेव्हा झुडपांखाली, ओल्या मातीत किडे टिपत फिरतो आणि अधूनमधून एक बारीक, लांबट सूर काढतो. त्या सुराला 'गातो' म्हणणं मला पटत नाही. आमच्याकडे भिंतीतल्या जुन्या पाइपाच्या भोकात घरटं होतं, फिकट निळसर-हिरव्या अंड्यांवर तपकिरी ठिपके. नर जिथे काळा, तिथे मादी करडी. म्हणून ती पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. चीरक नाही, शेपटीखाली पांढराच आहे. उत्तर ३ वाचून एक गोष्ट उलगडली. डिसेंबरात खालच्या नळापाशी, भांडी घासायच्या जागेजवळ एक काळा-पांढरा पक्षी रोज उड्या मारायचा. मी त्याच्याकडे दोनदा बघितलंही नव्हतं. तोच हा असावा. सोबतची करडीही आता दिसली.

'शीळ' बरा शब्द आहे, पण शीळ एकसुरी वाटते. आज समोरच्या गच्चीवर दुसरा एक दयाळ बसला होता. त्याचं चालू असताना आमचा गप्प राहिला, मान तिरकी करून. तो थांबल्यावर याने शेपटी वर केली आणि तिथूनच पुढे उचललं. तेव्हा मला शब्द सापडला: दयाळ लकेर घेतो.