मदत हवी आहे : आंबट पेयात वाटाण्याचे प्रथिन तळाशी बसते

नमस्कार. वनस्पतीजन्य प्रथिने आणि कमी साखर हे सध्याचे दोन्ही प्रवाह एकाच बाटलीत आणण्याच्या प्रयत्नात मी फळांच्या रसाचे एक पेय तयार करत असून पुरता अडलो आहे.

वाटाण्याच्या प्रथिनाची विद्राव्यता ४.५ पीएचच्या आसपास सर्वांत कमी असते आणि माझे पेय ४.० वर आहे, म्हणजे धोक्याच्या अगदी शेजारी. पाश्चरीकरण केलेली बाटली रात्रभर स्थिर ठेवली की सकाळी तळाशी बोटभर फिकट पिवळा थर आणि वर निवळ रस दिसतो. हलवून प्यायल्यास जिभेवर खडूची भुकटी फिरल्यासारखे वाटते. हाय मेथॉक्सिल पेक्टिन (आंबट पेयात प्रथिनाचे कण तरंगत ठेवणारा, फळांपासून मिळणारा घटक) मी आम्ल घालण्यापूर्वीच मिसळतो, तरीही हे घडते. त्यामुळे पेक्टिनचे प्रमाण कमी पडते आहे, की होमोजिनायझेशन (दाबाखाली कण बारीक करून पेय एकजीव करणे) तापवण्याआधी करण्यात माझी चूक होते आहे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

गोडीचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. साखरेऐवजी वापरलेल्या स्टीव्हिया वनस्पतीतील रेब ए या गोड घटकाऐवजी रेब एम हा घटक घेतल्यावर मागाहून येणारा कडवटपणा बराच कमी झाला (किंमत मात्र डोळ्यांत पाणी आणते), पण साखरेबरोबर पेयाचा दाटपणाही गेला. इन्युलिन (दाटपणा देणारा वनस्पतीजन्य तंतू) आम्लात व उष्णतेत तुटते, म्हणून ते टाळतो आहे. त्याऐवजी बाभूळवर्गीय डिंक कोणी वापरला आहे का, आणि पेक्टिनसोबत तो कसा वागतो?