मदत हवी आहे: ओट्सचे पोह्यांसारखे मोकळे पदार्थ कसे करावेत?

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत आणि अलीकडच्या रक्ततपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळल्यामुळे डॉक्टरांनी औषधाबरोबर रोजच्या आहारात ओट्स घेण्याचा सल्ला दिला आहे. सल्ला त्यांना मान्य आहे, पण दुधात शिजवलेली ओट्सची लापशी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. ज्या माणसाची सकाळ आयुष्यभर वाफेवरच्या इंदुरी पोह्यांनी, म्हणजे बडीशेपेचा वास, वरून कांदा, शेव, लिंबू आणि जिरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) अशा थाटात उजाडली, त्याला गोड लगदा रोज खायला सांगणे मला योग्य वाटत नाही. जिलबी त्यांनी स्वतःहून सोडली आहे. आता न्याहारीतला उरलेला आनंद तरी टिकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ओट्सचा उपयोग कशामुळे होतो, हे मी समजून घेतले आहे. त्यांतील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पाणी शोषून आतड्यात बुळबुळीत, दाट थर तयार करतो. पित्तातील आम्ले त्यात अडकून शरीराबाहेर जातात आणि नवे पित्त तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सविषयीच्या आरोग्यदाव्याला मान्यता देताना दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण धरले होते, आणि तेवढे मिळण्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. एका बैठकीत एवढे खाणे वयस्कर माणसाला जड जाईल, म्हणून निम्मे न्याहारीला आणि निम्मे दुपारच्या चहाबरोबर, अशी विभागणी मी ठरवली आहे. माझी अडचणही याच गुणधर्मातून निर्माण होते, कारण जो चिकटपणा पोटात गेल्यावर हवा आहे, तोच कढईत नको आहे.

काही पदार्थ चांगले जमले आहेत. ओट्सचे पीठ आणि भिजवून वाटलेली मूगडाळ सारख्या प्रमाणात घेऊन, ताक, आले, मिरची व भरपूर कोथिंबीर घालून केलेली धिरडी घरात सगळेच आवडीने खातात. थालीपिठाच्या भाजणीत एक चतुर्थांश ओट्सचे पीठ मिसळले तर चव जवळजवळ बदलत नाही. फक्त पीठ मळून लगेच थापावे लागते, कारण ठेवल्यास ते पाणी ओढून घेते आणि थालीपीठ थापताना चिरते. भुट्ट्याच्या किसात ओट्स घालण्याचेही एकीने सुचवले होते, पण मक्याचा आणि दुधाचा तो नाजूक गोडवा मला बिघडवायचा नाही.

मात्र धिरडी आणि थालीपीठ रोज नको होतात. म्हणून मला दोन गोष्टींत मदत हवी आहे. पहिली, पोह्यांसारखा किंवा उपम्यासारखा मोकळा पदार्थ ओट्सचा कसा करावा? पोह्यांप्रमाणे धुऊन निथळत ठेवले की ओट्सचा गोळा होतो आणि उपम्यासारखे पाण्यात शिजवले की खीर होते. दुसरी, चहाबरोबर देण्यासाठी न तळलेला चिवडा करायचा आहे, पण तो दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. रक्तदाबामुळे मीठ बेताचेच चालते, त्यामुळे तयार मसाला घातलेल्या पाकिटांचे पर्याय कृपया सुचवू नयेत.

प्रतिसाद:
ताई, आमच्याकडेही हीच गरज होती, त्यामुळे सविस्तर लिहिते. झटपट शिजणारे बारीक ओट्स या कामाला अजिबात घेऊ नका, जाड चपटे ओट्सच घ्या. ते मंद आचेवर कोरडेच, खमंग वास सुटेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. नंतर एक वाटी ओट्सना पाव वाटीपेक्षा थोडे कमी पाणी, त्यातच हळद व मीठ विरघळवून, हाताने शिंपडत जा आणि बोटांनी हलकेच वरखाली करा. ओट्स धुवायचे नाहीत, भिजवायचेही नाहीत. पाच मिनिटांनी चाळणीत कापडावर पसरून सात-आठ मिनिटे वाफ द्या, म्हणजे इंदुरी पोह्यांची रीतच वापरायची. मोहरी, बडीशेप, मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी वेगळी करून शेवटी मिसळा, त्यानंतर झाकण ठेवून पुन्हा शिजवू नका. शेवेऐवजी भाजलेले शेंगदाणे व डाळिंबाचे दाणे छान लागतात. जिरावनात मीठ असतेच, म्हणून पाण्यातले मीठ त्या हिशेबाने कमी करा.

चिवड्यासाठी ओट्स, शेंगदाणे आणि डाळे वेगवेगळे भाजा. फोडणी आणि ओट्स दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा, कारण गरम असताना डबा बंद केला की आतल्या वाफेनेच चिवडा नरमतो. त्यात बेदाणे नकोत, कांदा तर नकोच. आंबटपणासाठी लिंबू पिळण्याऐवजी आमचूर घाला. आणखी एक, ७५ ग्रॅमवर एकदम जाऊ नका. ३० ग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसे प्यायला द्या, नाहीतर पोटात वायू धरतो.

मूळ प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. ओट्स गार करून मग पाणी शिंपडायचे, हे कोणीच सांगितले नव्हते. चाळणीतले कापड कोरडे असावे की ओले?

प्रतिसाद:
ओले करून घट्ट पिळलेले. कोरडे कापड ओट्समधला ओलावा ओढते आणि कडा कडक राहतात. झाकणालाही आतून एक फडके बांधा, म्हणजे वाफेचे थेंब ओट्सवर पडून त्यांच्या गुठळ्या होणार नाहीत.